भिशीची चिठ्ठी आणि जिन्यातला दिवा

रविवार, रात्री साडेअकरा

आज आमच्याकडे भिशी होती. आईने या खेपेला सोळा जणी जमवल्यात आणि आजची चिठ्ठी पहिलीच. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात जनकगंजातल्या आमच्या घराच्या भिंती संध्याकाळी सातलाही तव्यासारख्या असतात, म्हणून सगळ्या जणी गच्चीवर. मी खाली कूलरसमोर, मांडीवर २०११ सालचा एक शोधनिबंध. तीन दिवस त्यातल्या एकाच वाक्यावर अडून बसले होते.

कुक आणि रेकहाउ या संगणकशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये सिद्धता-पद्धतीची व्याख्या फार सुटसुटीत करून टाकली. सिद्धता म्हणजे यंत्रात घालायचा मजकूर, आणि बाहेर पडतं ते विधान. आत काहीही घाला, बाहेर खरंच आलं पाहिजे. आणि जे जे खरं, ते कोणत्या ना कोणत्या मजकुरातून निघालंच पाहिजे. त्यांच्या यंत्राला बरीच मोकळीक होती. माझ्या मांडीवरच्या निबंधात चेन्नईच्या मीना महाजन, समीर दत्ता, हॅनोव्हरचे हेरिबर्ट फोल्मर आणि सहकाऱ्यांनी त्याला टांग्याच्या घोड्यासारखी झापडं बांधली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बिटाने (म्हणजे ० किंवा १ ने) सिद्धतेतले ठरावीक थोडेच बिट पाहायचे, मजकूर लाखभर लांब झाला तरी तेवढेच. याला एनसी-झीरो म्हणतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नाक मुरडलं होतं, की इतक्या दुबळ्या यंत्रात बघण्यासारखं काय असणार?

मग जिन्यातला दिवा आठवला. खाली एक बटण, वर एक. कोणतंही दाबलं की दिवा पालटतो. दर मिनिटाला दाबलं तर १, नाही तर ०, अशी दिवसाची यादी केली आणि सकाळी विझलेला दिवा रात्रीही विझलेला सापडला, तर यादीतले १ सम असणार. हे सम-विषम ठरवणं मोजक्या थरांच्या, आवाक्यातल्या आकाराच्या सर्किटला जमतच नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फर्स्ट, सॅक्स आणि सिप्सर यांनी, आणि स्वतंत्रपणे आय्ताई यांनी, ते सिद्ध केलं. एनसी-झीरो तर त्याहून गरीब.

पण मोजायचं नाही, सिद्धतेतून फक्त यादी काढायची असेल तर? सिद्धता म्हणून दर मिनिटाची दिव्याची स्थिती लिहून द्या. त्या मिनिटात बटण दाबलं का, हे लगतच्या दोन नोंदींवरून कळतं. दोनच! आणि नोंदी मनाला येतील तशा खरडल्या, तरी पहिली-शेवटची ‘विझलेला’ धरली की १ समच निघतात. खोटं लिहायची सोयच नाही.

निबंध म्हणतो, अगदी एनपी-पूर्ण, म्हणजे ओळखायला फार अवघड मानल्या जाणाऱ्या काही भाषांनाही (इथे भाषा म्हणजे ०-१ च्या रांगांचा संच) हे झापडबंद यंत्र पुरतं. आणि ‘रांगेत नेमका एकच १’ या शेंबड्या भाषेला पुरत नाही. माझं घोडं इथेच अडलेलं.

तेवढ्यात वरून हाक, “अगं, चिठ्ठी काढायला आज एकही पोर नाहीये, तूच ये!” स्टीलच्या डब्यात हात घातला, समोरच्या काकूंची चिठ्ठी निघाली, आणि घडी उलगडतानाच डोक्यात लख्ख झालं. नेमकी एक!

समजा डबा नाही, कठड्यावर नाण्यांची रांग उडवून ठेवलीय. प्रत्येकीने आपली ठरलेली तीन नाणी पाहून ‘मला लागली’ किंवा ‘नाही’ म्हणायचं, आपसात बोलायचं नाही (आमच्या भिशीत अशक्य, पण असो). प्रत्येकीला कधी ना कधी लागायला हवी, म्हणजे तिच्या आठ शक्यतांपैकी निदान एक तिची. तिची संधी किमान एक-अष्टमांश, सोळा जणींची बेरीज किमान दोन. पण दर वेळी एकीलाच लागायची तर बेरीज बरोबर एक हवी. म्हणजे कधीतरी दोघी एकदम उठणार. निदान एकीला तरी चौथं नाणं बघावंच लागेल. १०२४ जणी असत्या तर दहावं. रांग वाढेल तशी नाणी वाढणार, ठरावीक आकड्यात ती मावायची नाहीत.

वही बंद करायला हरकत नव्हती, पण एक गोष्ट लिहून ठेवते. दिवा चुकून लागला तर पुन्हा विझवता येतो. लागलेली भिशी परत डब्यात जात नाही. निबंधातली एक सर्वसाधारण रचना दिव्याच्याच वाटेची आहे. ऑटोमॅटन म्हणजे रांगेतला एकेक आकडा वाचत अवस्था बदलणारं यंत्र; ज्याच्या कुठल्याही अवस्थेतून कुठल्याही अवस्थेला जाता येतं, त्याने स्वीकारलेल्या रांगांच्या भाषेला झापडबंद यंत्र बांधता येतं.

कपबशा विसळताना आईला नाण्यांचं सांगितलं. चार नाणी, सोळा शक्यता, सोळा जणी. तिने लगेच विचारलं, “पुढच्या महिन्यात पंधराच उरतील. मग ती एक शक्यता कुणाची?”

“कुणालाही दे.”

“कुणालाही कशी? भिशी कोण चालवतं? ती माझी.”

तिला दोन लगतच्या, म्हणजे एकाच नाण्याचा फरक असलेल्या, शक्यता दिल्या, तर तिला तीनच नाणी पाहावी लागतील, हे मी सांगितलं. तिने बशी पुसत मान डोलावली, “मग बरंच की. चष्मा शोधायला नको.”