ब्रेक ऑइलने फेंडर खाल्ला: माझा अनुभव

ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. भरपूर ओता. घोडबंदर रोडवरच्या त्या गॅरेजमध्ये उभी होते तेव्हा मला हे ठाऊक असतं, तर उजवा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, वाचला असता.

सर्व्हिसिंगमध्ये ब्रेक ऑइल बदलायचं होतं. पोराच्या हातून बाटली कलंडली, फेंडरवर तीन ओघळ आले. त्याने कळकट फडकं फिरवलं. "पुसलंय मॅडम, काही होत नाही." दुसऱ्या दिवशी नेमक्या त्या तीन ओघळांवर रंग सुरकुतला होता. नख लावलं तर पापुद्रा निघाला.

पुढचे ११ दिवस यातच गेले. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाला, उन्हाने झालंय. ऊन काय ओघळून येतं? मग म्हणाला, आधीचंच असेल. मी जॉब कार्ड पुढे केलं. सर्व्हिसिंगला गाडी ताब्यात घेताना त्यानेच त्यावर बंपरवरचा ओरखडा टिपला होता, फेंडरचा उल्लेखही नव्हता. मग "मॅनेजर नाहीत, सोमवारी या." सोमवारी माजिवड्याच्या ट्रॅफिकमधून पाऊण तासाने पोचले, तरी मॅनेजर नाहीतच. चौथ्या फेरीला मी त्यांच्याच शेल्फवरची बाटली उचलली आणि 'रंगावर सांडू देऊ नये' ही सूचना सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. आतून वयस्कर मिस्त्री आले, डाग बघून एवढंच म्हणाले, "ब्रेक ऑइलच आहे, रंग खातंच ते." त्या संध्याकाळी फेंडर फुकट रंगवून द्यायचं ठरलं. त्या मिस्त्रींचे उपकार मी विसरणार नाही.

ब्रेक ऑइलच्या प्रकारांपैकी डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ऑइलं ग्लायकॉल जातीची. ती पाण्यात विरघळतात, म्हणून पाण्याने वाहून जातात. फडक्याने नुसती पसरतात. टिपायचंच तर कोरडं कापड दाबून उचला, घासू नका. मग शाम्पूने धुवा, फेंडरच्या कडेला आतूनही.

आणि हो, पाणी ओतण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण घट्ट लावा! हे ऑइल पाणी शोषतं आणि लवकर उकळायला लागतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३०, पाणी मुरल्यावर किमान १५५ अंश सेल्सिअस धरतात. घाटात ब्रेक सतत तापतात, तिथे हा फरक जिवावर बेतू शकतो.

फोटो तिथेच काढा. मी घरी येऊन काढला आणि त्यावरूनच वाद वाढला. ऑइल चाकाकडे गेलं असेल तर ब्रेकची डिस्क 'ब्रेक क्लीनर'ने साफ होते, पण भिजलेले ब्रेक पॅड बदलूनच घ्या.