गाड्या काठावर, कॅनू पाण्यात: मुचकुंदीच्या खाडीतला शनिवार-रविवार

फोर बाय फोर गाड्यांचा क्लब कोकणात जाणार म्हटले की, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुळणीवर पाणी उडवत धावणाऱ्या गाड्या उभ्या राहतात. आमच्या क्लबच्या या सहलीत पुळणीवर एकही चाक गेले नाही, आणि मला तीच या सहलीची सर्वांत चांगली गोष्ट वाटते. चारही चाकांना जोर देणारी गाडी माणसाला बरेच आत नेऊन सोडते. पण ती कुठे उभी करायची आणि तिथून पुढे कशाने जायचे, हे आधी ठरवलेले असेल तरच त्या आत जाण्याला अर्थ राहतो. आम्ही गाड्यांच्या टपांवर कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद हलक्या होड्या, बांधून नेले होते, म्हणजे पुढचा प्रश्न घरूनच सोडवून निघालो होतो.

जागा निवडायला बराच वेळ लागला. सुरुवातीला वाशिष्ठीचे नाव निघाले होते, परंतु चिपळूणजवळ वाशिष्ठीत आणि महाडजवळ सावित्रीत मगरींची मोठी वस्ती आहे, आणि कॅनूची कड पाण्यापासून जेमतेम वीत-दीड वीत वर असते. नवख्या वल्हेकऱ्यांना घेऊन तिथे जाणे कोणालाच पटले नाही. अखेर मुचकुंदी ठरली. सह्याद्रीत माचाळच्या परिसरात उगम पावणारी ही नदी लांजा तालुक्यातून वाहत येऊन पूर्णगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेला टेकडीवर पूर्णगडाचा लहानसा किल्ला आहे आणि पूल ओलांडला की दक्षिणेला गावखडी. कोल्हापूरकरांना आंबा घाट उतरून रत्नागिरी आणि पावसमार्गे इथे पोहोचणे सोपे पडते.

मुक्काम खाडीकाठच्या एका कलमांच्या बागेत होता. मालकांची परवानगी आधीच घेतली होती आणि ग्रामपंचायतीलाही कळवले होते. सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, बागेत उतरणारी वाट जांभ्या दगडाची, पावसाने मधोमध खोल चर पडलेली आणि वळणावर एकदम तीव्र उताराची आहे. टायरमधली हवा 32 वरून 24 पीएसआयपर्यंत उतरवली, त्यामुळे टायर दगडावर बसून चालू लागले. लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या गिअर-जोडणीत, पहिल्या गिअरला टाकलेली गाडी इंजिनाच्या रोधानेच सावकाश उतरते. ब्रेकवर पाय ठेवावा लागत नाही, आणि सुट्या खड्यांवर चाके अडकून गाडी घसरण्याची भीती राहत नाही. वळणावर एक जण खाली उभा राहून हाताने खुणा करत होता. चालकाने आपल्या डोळ्यांपेक्षा त्या खुणांवर भरवसा ठेवायचा असतो, आणि नव्या सदस्यांना हे शिकवणे दोर लावून गाडी ओढायला शिकवण्याहून अधिक कठीण जाते. बागेत आंबा मोहरलेला होता आणि झाडांखाली वाळलेला पातेरा पसरलेला होता. म्हणून शेकोटी करायची नाही, चहासुद्धा गॅसच्या शेगडीवरच, असा नियम ठेवला. रात्रीचे जेवण गावातल्या बचत गटाच्या महिलांनी करून दिले: तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, माशाचे कालवण आणि सोलकढी.

कॅनूची वेळ मात्र घड्याळ पाहून ठरवता येत नाही. खाडीकाठी जाळे विणत बसलेल्या एका काकांना आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी लगेच सांगितले, “आज पंचमी. पावणेचारला पाणी भरेल. तुम्ही दीडला निघा.” हा हिशेब कोकणातल्या मच्छीमारांना तोंडपाठ असतो. तिथीला तिनाने गुणायचे आणि चाराने भागायचे. जे उत्तर येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच त्रिक पंधरा भागिले चार, म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हेच गणित चालते, कारण भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. छापील तक्त्यातली वेळ थोडी मागेपुढे असू शकते, म्हणून तो तक्ताही जवळ होता. पण उभ्या उभ्या मनात करता येणाऱ्या या गणिताइतका उपयोगी हिशेब मला दुसरा माहीत नाही.

त्यांनी दीडची वेळ का सांगितली, हेही समजून घेण्यासारखे आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास जातात, परंतु पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढीचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक असे पाणी वाढते. मधल्या दोन तासांत ओढ सर्वांत जास्त असते. दीड वाजता तो जोर ओसरत आलेला असतो, तरीही पाणी वरच्या अंगाला वाहत असते आणि कॅनू जवळजवळ आपसूक आत जातो.

प्रत्येक कॅनूत दोघे, आणि लाइफ जॅकेट अंगावर नीट आवळल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचे नाही. कॅनूचे वल्हे एकाच पात्याचे असते, त्यामुळे एका बाजूने मारले की नाळ, म्हणजे कॅनूचे पुढचे टोक, दुसऱ्या बाजूला वळते. पुढे बसलेल्याने ताल धरायचा आणि मागच्याने वल्ह्याच्या शेवटच्या टप्प्यात पाते किंचित बाहेर वळवून दिशा सरळ राखायची, एवढे जमेपर्यंत सगळेच वेडेवाकडे जातात. जमले की मात्र आवाज नाहीसा होतो. इंजिन नाही, धूर नाही, त्यामुळे बगळे उडत नाहीत आणि खंड्या फांदीवरून हलत नाही. काठांवर खारफुटीची झाडे: मुखाजवळ चिप्पी, आत तिवर आणि कांदळ, तिवरांची श्वसनमुळे चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली. यांतली पांढरी चिप्पी महाराष्ट्राने 2020 मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केली. या झाडांच्या मुळांत मासे आणि कोळंबीची पिल्ले वाढतात, आणि खाडीवर जगणाऱ्या घरांचे उत्पन्न थेट त्यावर अवलंबून असते. म्हणूनच खुंट्यांना बांधलेली जाळी दिसली की आम्ही लांबून वळसा घालत होतो. त्या दोरांना वल्हे लागू देणे हा माझ्या मते अक्षम्य निष्काळजीपणा आहे.

परतीला कष्ट पडले. चार वाजल्यानंतर पाणी समुद्राकडे वाहू लागले, पण दुपारचे खारे वारे समोरून येत होते. पाणी एका दिशेला आणि वारा उलट्या दिशेला असला की लाटा आखूड व उभ्या होतात, आणि रिकाम्या नाळेचा कॅनू वाऱ्याने आडवा फिरतो. आम्ही मधला प्रवाह सोडून तिवरांच्या आडोशाने काठाकाठाने आलो, सामान पुढे सरकवले आणि ओहोटीचा मधला जोर सुरू होण्याच्या सुमारास धक्क्याला लागलो. खाडीच्या मुखाकडे कोणालाही जाऊ द्यायचे नाही, हे आधीच ठरले होते. ओहोटीत तिथली ओढ थेट खुल्या समुद्रात नेते.

रविवारी सकाळी गाड्या रस्त्यावरच ठेवून सुरूच्या बनातून चालत गावखडीच्या पुळणीवर गेलो. इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, ती सुमारे दीड फूट खोल वाळूत असतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. घरट्यावरून गाडी गेली की वाळू दाबली जाते. टायरचे चर पिल्लांना चढून ओलांडता येत नाहीत, आणि समुद्राच्या उजेडाकडे जाणारी ती पिल्ले हेडलाइटकडे वळतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचा समावेश आहे. कासवमित्र पहाटे पायी फिरून घरटी शोधतात आणि अंडी सुरक्षित कुंपणात हलवतात. त्यांनी वर्षानुवर्षे राखलेल्या वाळूवर केवळ छायाचित्रासाठी गाडी घालणाऱ्यांना कोणत्याही क्लबने सदस्यत्व देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिथून कशेळीला गेलो. कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या आकृतीच्या आत इतर प्राण्यांच्या अनेक आकृत्या आहेत. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यांत कशेळी आहे. सडा मोकळा, सपाट असल्यामुळे गाडी कुठूनही नेता येईल असे वाटते. मात्र या रेषा उथळ असतात, सुकलेल्या गवतात दिसत नाहीत, आणि नोंद न झालेली शिल्पे कुठे असतील हे चालकाच्या आसनावरून कळणे शक्यच नाही. आम्ही डांबरी रस्ता सोडला नाही. उन्हे तिरपी असताना रेषांमध्ये सावली धरते आणि हत्ती पुरता दिसतो, म्हणून सकाळी लवकर जाणे चांगले.

निघण्यापूर्वी टायरमध्ये हवा भरली आणि पुढच्या सहलीची आखणी केली. मुचकुंदीच्या वरच्या अंगाला साटवली हे जुने बंदर आहे आणि तिथे लहानसा किल्लाही आहे. तिथून खाली यायचे, तर भरती सकाळी पूर्ण व्हायला हवी. दहा त्रिक तीस भागिले चार, म्हणजे दशमीला साडेसात. आठला कॅनू पाण्यात सोडले, तर सकाळभर ओहोटी सोबत राहील आणि खारे वारे सुटण्याआधी कलमांच्या बागेशी पोहोचता येईल. दशमी भांगाच्या जवळ असल्यामुळे ओढ कमी मिळेल आणि वल्हे अधिक मारावे लागेल, ते सगळ्यांनी मान्य केले आहे. वरच्या भागात किती पाणी राहते, हे साटवलीतल्या होडीवाल्यांना विचारून मगच तारीख पक्की करू.