पदवीचा अभ्यास सांभाळून जपानी

संख्याशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षी मी विद्यापीठाच्या भाषा विभागात, संध्याकाळच्या जपानीच्या वर्गाला नाव नोंदवलं. आता एन३ पास झाले आहे, म्हणजे जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्यांपैकी मधली (एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात कठीण). पदवीबरोबर परकी भाषा घ्यावी का, असं मला बरेच ज्युनिअर विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. अडचण वेळेची असते असं सगळे म्हणतात. मला ती वेळेपेक्षा वेळापत्रकाची वाटली. विषयाचा अभ्यास सत्राच्या शेवटी रात्री जागून रेटता येतो, भाषा तशी रेटता येत नाही. आणि विषय ज्या आठवड्यांत सगळ्यात जास्त वेळ मागतो, नेमक्या त्याच आठवड्यांत भाषा हातातून निसटते.

सुरुवात मात्र मराठी माणसाला फार सुखाची जाते. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या. त्यांचे स्वर आ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात आणि ओळी का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा. हा क्रम ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्या वर्णमालेचाच नातेवाईक आहे. बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृतचा अभ्यास करत, त्या परंपरेतून तो तिकडे रुजला. ‘हा’ची ओळ ‘मा’च्या आधी का, तर ‘ह’चा जुना उच्चार ‘प’ होता, म्हणजे ती जागा प-वर्गाची! हे कळल्यावर मला पाठांतर असं करावंच लागलं नाही. वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि ‘ला’, ‘त’, ‘हून’सारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, तेही आपल्यासारखंच. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं आपल्या कानाला सवयीची असल्याने ‘किते’ आणि ‘कित्ते’ यांतला फरकही लगेच ऐकू येतो.

खरा डोंगर कांजींचा, म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चित्राक्षरांचा. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत, २०१० च्या सुधारणेनंतर, २१३६ कांजी आहेत. एकेक चित्र सुटं घोकायचं म्हटलं तर पदवी बाजूला ठेवावी लागेल. मला वाट सापडली ती घटकांमधून. डाव्या बाजूला तीन छोट्या रेघा असल्या की पाणी: समुद्र, सरोवर, पोहणं, धुणं, सगळ्यांत त्या दिसतात. दुसरा भाग पुष्कळदा उच्चार सांगतो. देवळाची कांजी ‘जि’ अशी वाचतात. तिच्या डावीकडे सूर्य काढला की ‘वेळ’, हात काढला की ‘धरणं’, आणि या दोन्हींचं चिनी वळणाचं वाचन, म्हणजे चिनीतून आलेला उच्चार, पुन्हा ‘जि’च. सगळीकडे इतकं सरळ नसतं, एका कांजीची अनेक वाचनं असतात. तरीही दोन-तीनशे कांजींनंतर नवी कांजी अनोळखी राहत नाही, तिचे तुकडे आधीच भेटलेले असतात. म्हणून मी वाचनं कधीच वेगळी पाठ केली नाहीत. ती शब्दांतूनच येऊ दिली.

आता वेळापत्रक. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा जो आलेख मांडला, त्याचा मला समजलेला व्यावहारिक अर्थ असा, की विसरायच्या बेतात असताना केलेली उजळणी सगळ्यात कामाची. अंकी (Anki) हे उजळणीच्या कार्डांचं अ‍ॅप याच तत्त्वावर कार्डं पुढे ढकलत जातं. पण विद्यार्थ्याने यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आज टाकलेलं नवं कार्ड आजचंच काम नसतं, पुढच्या कित्येक आठवड्यांची उजळणी त्याच्यासोबत येते. म्हणून सत्रपरीक्षेच्या बरंच आधी मी नवी कार्डं बंद करायचे. परीक्षेचे दिवस येईपर्यंत रोजची उजळणी इतकी कमी झालेली असायची की ती बसमध्ये किंवा रांगेत उभ्याउभ्या संपायची. नवं काही शिकायचं नाही, पण उजळणी एक दिवसही चुकवायची नाही. बाकी सगळं शिथिल केलं तरी हे दोन नियम पाळावेत असं मी आग्रहाने सांगते.

जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, काही देशांत वर्षातून एकदाच. डिसेंबरची तारीख आमच्या सत्रपरीक्षेच्या तोंडावर यायची, म्हणून मी जुलैच धरला. अर्ज काही महिने आधी भरावा लागतो, तेव्हा दोन्ही वेळापत्रकं आधीच शेजारी मांडून ठरवावं. एन३ ला १८० पैकी ९५ गुण लागतात, शिवाय तिन्ही विभागांत ६० पैकी किमान १९. श्रवणात १८ पडले तर एकूण बेरीज कितीही असो, नापास. ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, म्हणून मी घरीही थांबवून, मागे नेऊन ऐकणं टाळत असे. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला सुखावणारी आणखी एक गोष्ट: इथले गुण म्हणजे बरोबर उत्तरांची साधी बेरीज नसते. आयटम रिस्पॉन्स थिअरी, म्हणजे प्रश्न किती कठीण आहे हे धरून गुण काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत, वापरून ते एका समान मोजपट्टीवर आणले जातात, म्हणजे एखाद्या वेळचा पेपर कठीण निघाला तरी गुणांची तुलना करता येते. आमच्या पाठ्यक्रमातलं प्रकरण असं जिवंत भेटलं याचा मला मनापासून आनंद झाला.

या परीक्षेत बोलणं नाही, लिहिणंही नाही. सगळे प्रश्न पर्यायी. प्रमाणपत्र हातात आणि तोंडातून वाक्य नाही अशी माणसं वर्गात दिसत होती, म्हणून एन५ च्या तयारीपासूनच मी बोलण्याची वेगळी सोय केली. देवाणघेवाण योजनेतून आलेल्या एका जपानी विद्यार्थिनीला इंग्रजी पक्कं करायचं होतं. दर शनिवारी एक तास, अर्धा जपानीत, अर्धा इंग्रजीत, घड्याळ लावून. घड्याळ लागतंच, नाहीतर ज्या भाषेत दोघींना सोपं जातं तिथेच गप्पा घसरतात. मध्येच अडवून दुरुस्ती करायची नाही, ती वहीत लिहायची आणि शेवटी सांगायची, असं आम्ही ठरवलं होतं. बाकीच्या दिवशी ध्वनिफितीच्या क्षणभर मागे राहून तीच वाक्यं मोठ्याने म्हणायचे. क्रिया एकमेकींना जोडताना लागणारी क्रियापदाची ‘ते’ रूपं माझ्या जिभेवर बसली ती तक्त्यांमुळे नाही, या सरावामुळे.

ती जपानी मैत्रीण आता मायदेशी परतली आहे, शनिवारचा तास व्हिडिओ कॉलवर चालू आहे. जपानीचा अर्धा भाग मी सध्या माझा प्रबंध समजावण्यासाठी वापरते. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप, तिला समजावावं लागलं नाही. तिकडे प्रवेशपरीक्षांच्या तयारीत ‘हेन्साची’ नावाचा गुणांक सर्रास वापरतात, सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० धरून काढलेला, आणि तो तिला शाळेपासून माहीत आहे. मग मी गृहीतकाच्या चाचणीपासूनच सुरुवात केली. एन२ ची नोंदणी प्रबंध जमा झाल्यावर करेन. तोवर नवी कार्डं बंद, उजळणी चालू.