डायल लॉकवर, चाक मोकळंच : मुंबई ते भंडारदरा, बावीस पत्रे आणि एक रुसलेलं हब

मामाच्या गोठ्यावर टाकायचे बावीस पत्रे आणि दोन बंडल पाईप घेऊन जुलैच्या दुसऱ्या शनिवारी पहाटे पाचला घाटकोपरहून निघालो, मी आणि मेव्हणा. गाडी माझी जुनी फोर बाय फोर पिकअप, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे लॉकिंग हब आहेत, म्हणजे चाकाच्या मध्यभागी ती डायल असते ना, एका बाजूला फ्री आणि एका बाजूला लॉक लिहिलेली, ती. लॉकवर चाक इंजिनकडून येणाऱ्या शाफ्टला जोडलं जातं, फ्रीवर सुटं फिरतं. नवीन गाड्यांत आतून बटण दाबलं की झालं, आमच्याकडे पावसात खाली उतरून दोन्ही बाजूंना वाकावं लागतं.

रस्त्याचं आधी सांगून टाकतो. मानकोली ते वडपे नेहमीसारखंच मुंगीच्या चालीने, पाचला निघालात तर वाचाल, सातला निघालात तर डबा तिथेच उघडा. समृद्धी आता आमणेपासून इगतपुरीपर्यंत सुरू आहे (जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला) पण वर पत्रे बांधलेले असताना मोकळ्या रस्त्यावरच्या वाऱ्याची भीती वाटली म्हणून जुन्या कसारा घाटाने गेलो. घाटात धुकं एवढं की पुढच्या ट्रकचे लाल दिवेच काय ते दिसत होते. घोटीला डिझेल टाकून घ्या आणि तिथून भंडारदऱ्याकडे वळा, बारीवरून शेंडीपर्यंत तीस-पस्तीस किलोमीटर. कळसूबाई बारीतून दिसतं म्हणतात, आम्हाला पायथ्याचं गावसुद्धा धड दिसलं नाही. सगळीकडे भाताची आवणी चालू होती.

शेंडीच्या पुढे मामाच्या वाडीला जायला शेवटचा पाऊण किलोमीटर कच्चा रस्ता आहे, लाल माती, दोन्ही बाजूंना खाचरं. डांबर संपायच्या आधीच थांबलो, दोन्ही डायल लॉकवर केल्या, लिव्हर फोर एचला (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग), डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला, मी खूश. दोनशे मीटर गेलो आणि मागची चाकं गरगर फिरत खाली बसली. फोर एल (चारही चाकं, पण वेग कमी आणि ओढ जास्त, म्हणजे लो रेंज) टाकून बघितलं, तेच. मामा छत्री घेऊन बांधावर उभा होता, म्हणाला, "भाचेबुवा, पुढची चाकं काय पाव्हणी आलीत का, नुसती बसून ऱ्हायलीत."

आणि खरंच पुढचं एकही चाक हलत नव्हतं. मेव्हण्याला बाजूला लांब उभं केलं (गाडीच्या पुढे किंवा मागे कुणाला उभं करू नका, घसरली तर पळता येत नाही) आणि हळूच क्लच सोडला. तो ओरडला, "दाजी, डाव्या चाकामागचा रबराचा बूट फिरतोय, चाक नाही फिरत!" बूट म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टवरचं रबरी आवरण, म्हणजे शाफ्ट फिरत होता आणि चाक नाही. तिथेच निदान झालं. तो हिरवा दिवा ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) असतो, हबचा नव्हे. लिव्हर पडली एवढंच तो सांगतो, चाकापर्यंत ताकद पोचली का नाही ते त्याला ठाऊकच नसतं. पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणारं) साधं असेल तर एक हब मोकळं राहिलं की सगळी फिरकी त्या मोकळ्या बाजूला निघून जाते आणि दुसरं चाक नीट लॉक असूनही ढिम्म. म्हणजे एक हब गेलं म्हणून थ्री व्हील ड्राईव्ह होत नाही, सरळ टू व्हील होते. मलाही इतकी वर्षं वाटायचं की निदान एक तरी पुढचं चाक ओढेल, हॅट.

त्या चिखलात हब उघडायच्या फंदात मात्र पडू नका. आम्ही पत्रे उतरवून डोक्यावर नेले आणि सकाळी शेजारच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून पडवीसमोर फरशीवर आणली. हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड, मग एकेक चाक जॅकवर. लिव्हर टू एचला (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवून तपासायचं. डायल फ्रीवर असताना चाक हाताने फिरवलं तर त्या चाकामागचा शाफ्ट गप्प राहायला हवा, लॉकवर असताना चाकाबरोबर फिरायला हवा. डायल पूर्ण फिरत नसेल तर चाक थोडं पुढेमागे करा, आतले दात समोरासमोर आले की खट्कन बसते, पण पक्कड लावून पिळू नका, डायल तुटली की सुट्या भागासाठी कुर्ल्याला सीएसटी रोडवर हिंडत बसाल. माझी उजवी बरोबर होती. डावीची डायल अगदी गुळगुळीत लॉकवर गेली आणि शाफ्ट हललाच नाही. आत एक सरकणारी दातेरी रिंग असते, स्प्रिंग तिला ढकलते, ती शाफ्ट आणि हबला एकत्र पकडते. डायल फक्त स्प्रिंगला सांगते, रिंग सरकली की नाही ते डायलवरून कळत नाही.

सहा अ‍ॅलन बोल्ट काढले, झाकण निघालं आणि आत अक्षरशः दह्यासारखं पांढरट ग्रीस. पाणी शिरलं की ग्रीस असं होतं. आता हे पाणी मामाच्या चिखलातलं नाही, आपलंच मुंबईचं. आदल्या आठवड्यात किंग्ज सर्कलला गांधी मार्केटपाशी अर्धं चाक बुडेल एवढ्या पाण्यातून गेलो होतो. चालून गरम झालेलं हब गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि डायलची ओ-रिंग (पाणी अडवणारं रबरी कडं) जुनी असेल तर पाणी आत ओढलं जातं. त्यात गेल्या वर्षी ज्या गॅरेजमध्ये बेअरिंग भरून घेतलं होतं तिथल्या पोराने उरलेलं जाड बेअरिंगचं ग्रीस इथेही प्रेमाने ठासलं होतं, त्या गाळात स्प्रिंग बिचारी ढकलून ढकलून दमली. हबच्या आत ग्रीस पातळ आणि बोटाने पुसल्याएवढंच लावायचं, बेअरिंगला ठासतात तसं नाही.

उघडण्याआधी फोटो काढा, प्रत्येक भाग निघाला की काढा. शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (भाग जागेवर धरणारी स्प्रिंगची चकती) काढताना वर फडकं धरा, आमची उडाली ती थेट मामीच्या तांदळाच्या सुपात, नशीब बाहेर खाचरात नाही गेली. सुटे भाग स्टीलच्या वाटीत. डिझेलने धुतलं, रिंगेच्या खाचांतला गंज दात घासायच्या जुन्या ब्रशने काढला, कोरडं केलं, हलकं ग्रीस लावलं. झाकणाचं गॅस्केट (झाकणाखालची गळती थांबवणारी पातळ पट्टी) फाटलेलं होतं, मग मामीने एक जाड लग्नपत्रिका दिली. ती झाकणाच्या कडेवर धरून हातोडीच्या गोल बाजूने हळूहळू ठोकत गेलं की आकार आपोआप कापला जातो, बोल्टांची भोकंसुद्धा, वरून ग्रीसचा हात. झाकण बसवताना डायल फ्रीवर ठेवूनच बसवा, नाहीतर आतली पिन चुकीच्या खाचेत जाते, आम्ही पहिल्यांदा तेच केलं आणि परत उघडलं. बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे आवळायचे. पुन्हा जॅकवर तपासलं तर खट् असा आवाज आला आणि बूट चाकाबरोबर फिरला, मेव्हण्याने टाळी दिली.

रविवारी दुपारी त्याच खड्ड्यातून परत निघालो. टायरमधली हवा वीस पीएसआयवर आणली, फोर एल, दुसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा, आणि गाडी बैलासारखी मान खाली घालून निघून गेली. रिकामी होती हेही खरं, भरलेली असती तर काय झालं असतं देव जाणे.

डांबरावर आल्यावर लिव्हर टू एचला येईना, अडकली. घाबरू नका, चिकटमातीतून एकदम कडक रस्त्यावर आलं की पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण शाफ्टमध्ये पीळ भरून ठेवते. दहा-बारा फूट सरळ रिव्हर्स घेतलं की सुटते. मग हब फ्रीवर, टायरमध्ये हवा (शेंडीत मिळाली), आणि पंधराएक किलोमीटर झाल्यावर थांबून दोन्ही हबांना हात लावून बघा, एक जास्त गरम असेल तर आत काहीतरी घासतंय. हब लॉकवर राहून टू एचमध्ये घरी आलात तरी काही मोडत नाही, फक्त डिझेल जास्त पितं. उलट मात्र एक गंमत उपयोगी आहे, हब फ्री ठेवून फोर एल टाकलं तर नुसत्या मागच्या चाकांना लो रेंज मिळते, सोसायटीच्या अरुंद उतारावर भरलेली गाडी रिव्हर्स घेताना मी हेच करतो, क्लच जळत नाही.

येताना गाडी रिकामी म्हणून इगतपुरीहून समृद्धी धरला, तासाभरात आमणे, बोगद्यातून येताना पाऊस कुठे गेला कळलंही नाही. पुढच्या रविवारी कुर्ल्याहून ओ-रिंगा आणि गॅस्केट आणून बिल्डिंगखाली दोन्ही हब उघडले. उजव्यातही ग्रीस पांढरं व्हायला लागलं होतं, अजून एखादं गांधी मार्केट झालं असतं तर तेही गेलं असतं. डाव्या झाकणाला पत्रिका इतकी चिकटली होती की ब्लेडने खरवडावी लागली, "चि. सौ. कां." एवढं शेवटपर्यंत निघालं नाही, मग तसंच ठेवून त्यावर नवीन गॅस्केट बसवणार होतो पण मेव्हणा म्हणाला गळेल, म्हणून पॉलिश पेपर मारला.