स्नोबोर्ड-सायकल फिल्म: ट्रेलरचं शेपूट एकदाचं थांबलं (आणि नवीन भानगड सुरू)

नवीन वाचणाऱ्यांसाठी एका ओळीत: मी आणि आतेभाऊ इंजिनाशिवाय, सायकलमागच्या ट्रेलरमध्ये (मागे जोडलेल्या छोट्या गाडीत) स्नोबोर्ड ओढत सोलंगच्या बर्फापर्यंत जायची फिल्म करतोय. मागच्या अपडेटमध्ये मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की ट्रेलर वळवळतो तो हिचमुळे (सायकलला ट्रेलर जोडणारा सांधा), नवीन हिच आलं की विषय संपला. नाही संपला. रविवारी सकाळी सिंहगड उतरताना मीटरवर ३४ चा स्पीड, आणि मागनं ट्रेलरनं असं शेपूट हलवायला सुरुवात केली की हँडल हातात राहीना, मागून आतेभाऊ ओरडतोय ब्रेक मारू नको, ब्रेक मारू नको, आणि मी अर्थातच ब्रेक मारला. थेट कडेच्या गटारात. गुडघा सोलवटला, बोर्डला ओरखडासुद्धा नाही. कॅमेरा आतेभावाच्या बॅगेत होता, म्हणजे आमच्या फिल्ममधला आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी शॉट कोणी घेतलाच नाही.

मग पुढचे दहा दिवस फक्त हाच उद्योग. हेडसेट (हँडल जिथे फिरतं तो सांधा) घट्ट केला, ट्रेलरच्या चाकात हवा वाढवली, मागच्या चाकाच्या तारा ताणून घेतल्या. १० किलो तांदळाची पिशवी ट्रेलरमध्ये पुढे मागे सरकवून प्रत्येक वेळी तोच उतार. वजन पुढे घेतलं की शेपूट ३४ ऐवजी ३८ ला हलायला लागतं, बस. शेवटी वैतागून बोर्ड घरी ठेवला आणि तेवढ्याच वजनाचे तांदूळ घातले, तर ४५ पर्यंत ट्रेलर गरीब गायीसारखा मागनं येतो! म्हणजे भानगड वजनाची नाहीच, लांबीची आहे. १५८ सेंटिमीटरचा बोर्ड ट्रेलरच्या डब्यावर सपाट टाकला की पुढे सायकलचं चाक आडवं येतं, म्हणून तो मागे सरकवावा लागतो आणि हात-सव्वा हात बाहेर लोंबतो. खांद्यावर लांब बांबू घेतलेला माणूस गल्लीत वळताना बघितलाय ना, तसं. एकदा झोका बसला की थांबत नाही.

उत्तर सापडलं ते आमच्या हॉलमध्ये. स्किन्स (चढताना घसरू नये म्हणून खाली चिकटवायच्या पट्ट्या) मापात कापायला स्प्लिटबोर्ड सोडवून दोन्ही अर्धे भिंतीला उभे केले होते, आई केर काढायला आली आणि म्हणाली, "त्या फळ्या घे बरं दोन्हीकडे बाजूला." दोन्हीकडे बाजूला! हा बोर्ड मुळात मधोमध सुटतो, चढताना दोन स्की करायच्या, वर गेल्यावर जोडून बोर्ड करून उतरायचं, आणि मी शहाणी तो महिनाभर जोडूनच वाहत होते. आता दोन अर्धे कडेवर उभे, एक डाव्या अंगाला एक उजव्या, सायकलचं मागचं चाक मधे येतं त्यामुळे बोर्ड चांगला पुढे सरकतो. मागे काहीच लोंबत नाही, वजनही जमिनीजवळ आलं.

पहिल्याच फेरीत स्टीलच्या कडेनं एक स्ट्रॅप सुरीसारखा कापला. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणली (फुकट), उभी चिरून कडेवर चढवली, आणि बांधायलाही त्याच ट्यूबच्या पट्ट्या. माझं प्रामाणिक मत, महागातले स्ट्रॅप घेऊ नका, ट्यूबची पकड जास्त चांगली. फक्त यू-टर्न घेतला की आतल्या बाजूचा अर्धा टायरला घासतो, तेव्हा उतरून ढकलायचं.

परवा परत सिंहगड. ४७. हँडल एका हातात धरून बघितलं तरी काही नाही. खाली ताकवाल्या मावशींनी विचारलं, "काय गं, पाळण्याच्या फळ्या का?" मी हो म्हटलं. दोन ग्लास ताक प्यायले.

शूटिंगचं म्हणाल तर इंजिन नको हा नियम तिथेही, कॅमेऱ्यालाही इंजिन नाही. म्हणजे समोरून जातानाचा शॉट हवा तर ट्रायपॉड लावा, खाली जा, परत चढत या, पुढे निघून जा, मग कॅमेरा आणायला मागे या. ४० सेकंदांसाठी एकच वळण तीनदा चढलो. स्वीडनचा गिर्यारोहक गोरान क्रॉप १९९५ मध्ये स्टॉकहोमहून सगळं सामान सायकलवर ओढत नेपाळला गेला आणि १९९६ च्या मेमध्ये ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढला, त्याला निदान प्रत्येक वळण तीनदा घ्यावं लागलं नसेल.

रूट तसाच आहे. झेलम एक्स्प्रेसनं पठाणकोट कँट (हो, ट्रेनला इंजिन असतं, तो वाद मागे झालाय, फिल्म स्टेशनच्या बाहेर सुरू होते), तिथून कांगडा, पालमपूर, बैजनाथ, जोगिंदरनगर, मंडी, मग कुलू, मनाली, सोलंग. बॅटऱ्या थंडीत पटापट उतरतात, त्यासाठी थर्मलला आतून खिसे शिवून झालेत. औटच्या बोगद्यासाठी दोन मागचे लाईट आणि मास्क घेतलेत, जवळजवळ तीन किलोमीटर धूर खायचाय.

आता नवीन भानगड. आतेभावाचा बोर्ड साधा, अखंड. तो मनालीच्या माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटचा स्की कोर्स करून आलाय, बर्फावर माझ्यापेक्षा बरा, पण त्याचा प्लॅन स्नोशूज (बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून बोर्ड पाठीवर न्यायचा होता. ते डोंगरावर ठीक आहे हो, पण ट्रेलरवर तोच बोर्ड परत मागे लोंबणार, म्हणजे शेपूट परत सुरू. दुसरा स्प्लिटबोर्ड घ्यायचा तर बजेट गेलं. हे सगळं टाइप करता करता डोक्यात आलं की बोर्ड कापूनच टाकला तर? व्होइले कंपनीचं स्प्लिट किट (अर्धे परत जोडायचं सामान) मिळतं त्यासाठी. टोकांच्या स्टीलच्या कडा हॅकसॉनं तोडायच्या, मग सरळ पट्टी क्लॅम्प करून मधोमध गोल करवत, आतलं उघडं लाकूड इपॉक्सीनं बंद करायचं नाहीतर पाणी पिऊन फुगतं. आतल्या बाजूला स्टीलची कड राहणार नाही, म्हणजे कडक बर्फावर आडवं चढताना घसरणार, पण आमचा बेत ताज्या भुसभुशीत बर्फाचाच आहे.

कोपऱ्यावरच्या सुतारकाकांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "प्लायच आहे की, पाच मिनिटांचं काम." हे ऐकून मला जास्त भीती वाटतेय. इथे कोणी स्वतः बोर्ड कापलाय का? पातं किती दातांचं लावलं आणि बेसला (बोर्डच्या तळाला) चिकटपट्टी लावून कापलं की तसंच, तेवढं शनिवारच्या आत सांगा. आतेभावाला मी अजून काही बोललेले नाही.