मावशीचं 'जमतं'

मंगळवार, रात्री

मावशीचा अपंगत्व भत्त्याचा अर्ज नामंजूर झाला. मी पत्र चार वेळा वाचलं. तिने एकदाच वाचलं, पुन्हा घडी घातली आणि म्हणाली, "जाऊ दे गं. माझ्यापेक्षा वाईट अवस्थेत किती माणसं असतात."

जाऊ द्यायचं नाही, हे माझं तिथेच ठरलं. पण उत्तर नेमकं कोणत्या मुद्द्याला द्यायचं? कारण म्हणून एकच ओळ: तपासणीत आढळलेल्या मर्यादा निकषांत बसत नाहीत. म्हणून आधी तपासणीचा पूर्ण अहवाल मागवला. अपिलाची मुदत निर्णयाच्या तारखेपासून धरली आहे, आणि पाकीट हातात पडेपर्यंत त्यातले नऊ दिवस गेलेत. शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवली.

शनिवार

अहवाल आला. त्यातलं एक वाक्य दिवसभर डोक्यातून गेलं नाही. 'अर्जदार नीटनेटक्या होत्या, केस व्यवस्थित विंचरलेले होते.'

ती वेणी मी घातली होती. त्या दिवशी सकाळी मावशीने कंगवा स्वतःच हातात घेतला. डाव्या बाजूने दोन-तीनदा फिरवला आणि हात आपोआप खाली मांडीवर आला. बोटं कंगव्याभोवती तशीच वळलेली, पण हात काही पुन्हा वर जाईना. मग मी मागे बसले. "चारचौघांत जायचंय, घट्ट घाल," एवढंच म्हणाली. परक्या माणसांसमोर नीट दिसावं म्हणून तिने जी धडपड केली, तीच तिच्या विरोधात गेली.

अहवालात खोटं काही लिहिलेलं नाही. ती त्या खोलीत चालली, हात वर केले. कपडे स्वतः घालता का? "हो, जमतं." जिना? "जमतं की, सावकाश." मी शेजारीच बसले होते. मध्ये बोलले तर तिला कमीपणा वाटेल म्हणून गप्प राहिले. बोलायला हवं होतं मी. याची टोचणी अजून आहे.

मावशीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या वेष्टनाला ठिकठिकाणी इजा होते आणि मेंदूचा निरोप वाटेत अडखळतो. सकाळची मावशी आणि दुपारची मावशी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. शरीर जरा तापलं तरी पाय जड होतात, नजर धूसर होते. विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच नोंदवलं होतं की श्रमानंतर अशा रुग्णांची नजर काही वेळ मंदावते. एमआरआय नव्हता त्या काळात तर रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का, हे बघत. आमची तपासणी झाली सकाळी दहाला, गार खोलीत, वीस मिनिटं.

अहवालात कुर्ट्झके मोजपट्टीवरचा आकडाही दिलाय. या आजारातलं अपंगत्व मोजणारी, शून्य ते दहा, १९८३ पासून वापरात असलेली पट्टी. तिचे मधले आकडे मुख्यतः माणूस किती अंतर चालू शकतो यावर ठरतात. थकवा आणि बोटांची कामं तिथे मागे पडतात. म्हणजे आकडा बरोबर आणि माझी मावशी त्यात नाही.

गुरुवार

चौदा दिवसांची नोंद आज पूर्ण झाली. सुरुवातीला मी नुसतं 'जमलं', 'नाही जमलं' असं लिहीत होते. त्यातून काहीच कळेना. मग प्रत्येक कामापुढे लिहायला लागले: किती वेळ लागला, कुणी धरलं, तेच काम तासाभराने पुन्हा करता आलं का, आणि नंतर काय झालं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सहाव्या दिवशी तिने एकटीने आंघोळ केली. भिंतीला धरून, चाळीस मिनिटांत. नंतर ती केस ओले तसेच ठेवून दोन तास पडून होती आणि फोन वाजला तरी कूस वळवता आली नाही. तपासणीच्या खोलीत विचारलं असतं तर उत्तर एकच आलं असतं, 'जमतं'.

डॉक्टरांचं पत्रही पुन्हा घेतलं. पहिल्यात फक्त आजाराचं नाव आणि गोळ्या होत्या. आजार आहे हे कुणी नाकारलेलंच नाही. आजारामुळे रोज काय अडतं, ते लिहून हवं होतं. त्यांनी आमची वही शांतपणे वाचली आणि थकव्यावर, पडण्याच्या धोक्यावर वेगळा परिच्छेद घातला.

मावशी मात्र कालपासून अबोल. शेवटी म्हणाली, "इतकं हीनदीन करून मांडू नकोस मला. भीक मागितल्यासारखं वाटतं." मी तिला सांगितलं की ही भीक नाही. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६ चा करार आहे, त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात सामाजिक संरक्षण हा हक्क म्हटलाय. तिला कलमाशी देणंघेणं नव्हतं. ती म्हणाली, "मग मला जे येतं तेही लिही." लिहिलं. ती सकाळी तासभर वाचते, घरचे हिशेब तोंडी करते, माझ्या लेकीची गणितं तपासते. हे लिहिल्यावर बाकीचं सगळं मला जास्त खरं वाटलं.

सोमवार

तिच्या वतीने अपील करायचं तर तिचं अधिकारपत्र लागतं. तिसऱ्या प्रयत्नात सही झाली, पण जुन्या सहीशी जुळत नाही. शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलंय. तिने कागद मागे घ्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, असू दे, हाच कागद जाऊ दे.

मग सगळं अपील तिला मोठ्याने वाचून दाखवलं. अहवालातलं एकेक वाक्य आणि त्याखाली आमचं उत्तर, वहीतल्या तारखेसकट. वेणीचा मुद्दाही. ती डोळे मिटून ऐकत होती. 'या चौदा दिवसांत त्या तीन वेळा पडल्या' इथे मी आले, तेव्हा तिने डोळे उघडले.

"चार," ती म्हणाली. "एकदा तू घरी नव्हतीस. तुला सांगितलं नव्हतं."

मी खोडून चार केलं. कुठल्या दिवशी, किती वाजता, सगळं तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं.