शुगर चांगली आहे, मग धाप का लागते?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या लॅबला रस्त्यापासून चार पायऱ्या आहेत. वासी उत्तरायणाच्या (संक्रांतीनंतरच्या दिवसाच्या) दुसऱ्या दिवशी सकाळी एक काकू सुनेबरोबर आल्या, त्या चार पायऱ्या चढल्या आणि बाकावर टेकल्या. काउंटरवर नाव विचारलं तर सुनेनेच सांगितलं. काकूंना बोलायला श्वास पुरत नव्हता.

"काकू, बरं वाटत नाहीये का?"

"अगं, परवा नातवंडांबरोबर गच्चीवर गेले ना, तेव्हापासून जरा धाप लागतेय. वय झालं आता."

वय एकसष्ट. मधुमेह चौदा वर्षांचा. "शुगर मात्र एकदम कंट्रोलमध्ये आहे हं मॅडम," सून म्हणाली, "गोळी एकदाही चुकवत नाहीत." बोलता बोलता काकूंनी पायमोजा सैल करायला खाली ओढला. इलॅस्टिकच्या जागी पायावर खोल वळ उमटला होता आणि त्याच्या वरखाली कातडी ताणून चकाकत होती. थंडीचे दिवस, मोजे घट्ट असतात, हे मान्य. पण इतका वळ घट्ट मोज्याने उठत नाही.

फॉर्मवर नेहमीचंच होतं: उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम). रक्त घेतलं. थोड्या वेळाने टेक्निशियनने सेंट्रिफ्यूजमधली, म्हणजे रक्त वेगाने फिरवणाऱ्या यंत्रातली, ट्यूब उजेडापुढे धरली. "मॅडम, आ सिरम जुओ ने." (हे सिरम बघा ना.) एरवी सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, पिवळसर आणि पारदर्शक असतं. हे पातळ ताकासारखं गढूळ होतं. म्हणजे ट्रायग्लिसराइड, रक्तातली एक चरबी, वाढलेलं. उंधियु आणि जिलेबीचे दोन दिवस नुकतेच सरले होते, त्यामुळे त्याचं फार नवल वाटलं नाही.

आकडे आले. एचबीएवनसी 6.9. सून खूश होईल असा आकडा. एकूण कोलेस्टेरॉल 198, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 32, ट्रायग्लिसराइड 340, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 98. रिपोर्टावर एलडीएलची मर्यादा 100 छापलेली असते, म्हणून 98 समोर ठळक खूण येत नाही. घरी गेल्यावर सगळे तेवढंच बघतात. खरं तर मधुमेह असलेल्या या वयाच्या माणसासाठी डॉक्टर 70 च्या खालचं धरतात. शिवाय हे 98 कुठल्याही यंत्राने मोजलेलं नव्हतं. 1972 पासून चालत आलेलं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, उरेल ते एलडीएल. 198 वजा 32 वजा 68, झाले 98. ट्रायग्लिसराइड 400 च्या पुढे गेलं की हे सूत्र वापरतच नाहीत. पण 400 च्या आतही ते जितकं वाढेल तितकं वजा जास्त होतं आणि एलडीएल प्रत्यक्षापेक्षा बरं दिसू लागतं. त्याच कागदावर 198 मधून नुसतं 32 काढलं तर नॉन-एचडीएल, म्हणजे सगळं वाईट कोलेस्टेरॉल मिळून, 166 येतं, आणि ते अजिबात बरं नाही.

डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मी तपासण्या वाढवू शकत नाही. म्हणून त्यांच्या फिजिशियनना फोन लावला.

"सर, रिपोर्ट पाठवतेच आहे. पण पेशंट चार पायऱ्यांना दमतात, पाय सुजलेत."

"छातीत दुखतंय?"

"नाही म्हणतात."

"लगेच माझ्याकडे पाठवा, ईसीजी काढतो. आणि त्याच सिरमवर एनटी-प्रोबीएनपी, ट्रोपोनिन आणि एपो-बी लावा."

सिरम पुरेसं उरलं होतं. एनटी-प्रोबीएनपीची ही सोय मला फार मोलाची वाटते. बीएनपी ट्यूबमध्ये लवकर मोडतं, हे मात्र टिकून राहतं. हृदयाचा कप्पा रक्ताच्या दाबाने ताणला गेला की त्याच्या पेशी एक लांब प्रथिन तयार करतात. त्याचे दोन तुकडे होतात. एक बीएनपी, जे मूत्रपिंडाला मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावतं, आणि दुसरा हा एनटी-प्रोबीएनपी. मधुमेही माणसात तो 125 पिकोग्रॅमच्या वर असेल तर पुढे तपासायला हवं.

काकूंचा आला 1840.

हाताखालच्या मुलाला कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच ठाऊक असलेला नमुना, पुन्हा चालवायला सांगितला. बरोबर आला. मूत्रपिंड बिघडलं तरी हा आकडा चढतो, पण क्रिएटिनिन 0.9, म्हणजे ठीक होतं. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन. त्याची बायकांसाठीची मर्यादा आमच्या किटवर 16, काकूंचं 31. तीन तासांनी दुसरा नमुना घेतला, तो 32. त्याच क्षणी झटका येत असता तर आकडा झपाझप चढला असता. स्थिर राहिला, याचा अर्थ इजा आधीपासूनची होती आणि चालूच होती. एपो-बी 131. एलडीएलच्या प्रत्येक कणावर एपो-बीचा एकच रेणू असतो, म्हणून तो मोजला की कणांची संख्याच हाती येते. मधुमेहात हे कण लहान होतात, प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी मावतं. कोलेस्टेरॉलचा आकडा साधा दिसतो आणि धमनीच्या भिंतीत शिरणारे कण मात्र भरपूर असतात.

दुपारी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाची पंप करण्याची क्षमता 38 टक्के, आणि खालची भिंत नीट हलत नव्हती. कधीतरी झटका येऊन गेला होता. सरांनी खोदून विचारलं तेव्हा सुनेला आठवलं: नवरात्रात एका रात्री काकूंना दरदरून घाम फुटला होता, मळमळत होतं. गॅस झाला म्हणून ओवा दिला, झोपवलं. छातीत कळ आलीच नव्हती. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने हृदयाच्या संवेदना वाहणाऱ्या नसाच बोथट होतात.

बायकांच्या बाबतीत हे मला जास्त लागतं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात झालेल्या हृदयरोगाच्या पाहणीतून 1974 सालीच पुढे आलं होतं की मधुमेहामुळे हृदय निकामी होण्याचा धोका पुरुषांत दुपटीहून जास्त आणि बायकांत पाचपट होतो. तरी आपल्या घरांत सासूबाईंना धाप लागली तर वय, वजन, दगदग. साखर चांगली असेल तर त्यापुढे प्रश्नच येत नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2022 मध्ये सुचवलं की मधुमेही व्यक्तीचं बीएनपी, एनटी-प्रोबीएनपी किंवा अतिसंवेदनशील ट्रोपोनिन वर्षातून एकदा तरी बघावं. आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर ते क्वचितच दिसतं. तपासणी महाग आहे, हे खरंच.

काकूंची अँजिओग्राफी झाली, दोन धमन्या तुंबलेल्या होत्या, स्टेंट बसले. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) वाढवलं, डॅपाग्लिफ्लोझिन (मधुमेहाचं, पण हृदयालाही आधार देणारं औषध) सुरू झालं. एप्रिलमध्ये एनटी-प्रोबीएनपी 610 आला आणि पायऱ्या चढून त्यांनी स्वतःच नाव सांगितलं.

त्यांच्या भजनी मंडळातल्या बायका आता "हार्ट पॅकेज" करायला येतात. मी त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवते. त्या पॅकेजात होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) असतं, ते जीवनसत्त्वं देऊन खाली आणलं तरी झटके टळत नाहीत, हे मोठ्या चाचण्यांनी दाखवलंय. मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी बाईला त्याऐवजी बी-12 तपासणं उपयोगाचं. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) सर्दी-खोकल्यानेही वाढतं. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक कण) मात्र आनुवंशिक असतं, आयुष्यात एकदा बघितलं तरी पुरतं, आणि ते जास्त निघालं तर मुलांचंही बघावं. मधुमेह असेल तर पैसे आधी एनटी-प्रोबीएनपीवर आणि लघवीतल्या अल्ब्युमिनवर (मूत्रपिंड बिघडू लागल्याची खूण) घालवा, असं मी स्पष्ट सांगते.

लॅबच्या रिपोर्टात एक बदल केला. ट्रायग्लिसराइड 200 च्या वर असेल तर नॉन-एचडीएल सर्वांत वर आणि ठळक छापलं जातं, आणि एलडीएलसमोर "सूत्राने काढलेलं" असं लिहिलेलं असतं. दोन फिजिशियननी त्यानंतर फोन करून एपो-बीची चौकशी केली.